बाग शहराची, गटार गांवाचें!



कोल्हापूर शहर सुधारत आहे, अशी दवंडी अलीकडे सारखी पिटली जात आहे. चौकांत कारंजीं, रस्त्याच्या मधोमध फुलझाडांच्या कुंड्या, तळ्याच्या कांठीं रंगीबेरंगी दिवे, आणि या प्रत्येक कामाच्या उद्घाटनास पुढाऱ्यांच्या तसबिरींचे हातभर रुंद फलक! काम चार हातांचें आणि फलक आठ हातांचा, असा सध्यांच्या सुधारणेचा थाट आहे.

आम्हांस बागांचा द्वेष नाहीं, हें आधींच सांगून टाकतों. दिवसभर लोखंडाच्या भट्टीपाशीं भाजून निघालेल्या उद्यमनगरांतील मजुराला संध्याकाळीं गार हिरवळीवर अंग टाकावेंसें वाटतें. कुंभारगल्लींतल्या पोरांना खेळावयास मोकळी जागा हवी असते. बाग ही श्रीमंतांपेक्षां गरिबालाच अधिक लागते, कारण श्रीमंताच्या बंगल्याभोंवतीं त्याची स्वतःची बाग असते. तेव्हां बागा कराव्या, रस्ते करावे, नाट्यगृहें बांधावीं, सर्व कांहीं करावें. परंतु करतांना तीन प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं. पैसा कोणाचा? सुख कोणाला? आणि घाण कोणाच्या दारीं? ज्या सुधारणेला या तीन प्रश्नांची भीति वाटते, ती सुधारणा नव्हे, नुसती रंगरंगोटी होय.

सुधारणा कशी असते हें कोल्हापुरास बाहेरच्या कोणी येऊन शिकविण्याची गरज नाहीं. राजर्षि शाहू छत्रपतींनीं सन १८९५ मध्यें शाहूपुरीची पेठ वसविली. ती काय हवा खाण्यासाठीं? आमच्या मुलखांतला गूळ तेथें विकला जाऊं लागला आणि कुणब्याच्या घामाला घराजवळ बाजार मिळाला. सन १९०६ मध्यें त्यांनीं सूतगिरणी काढली ती हातांना काम मिळावें म्हणून. राधानगरीच्या धरणाचें काम त्यांनीं हातीं घेतलें; तें पुरें झालें तें ते गेल्यावर कितीतरी वर्षांनीं, स्वातंत्र्यानंतर. जें आपल्या हयातींत पुरें होणार नाहीं, ज्यावर आपल्या नांवाची फीत कापतां येणार नाहीं, असें काम सुरू करण्याची छाती ज्याला असते तो राजा. आजच्या पुढाऱ्याला पुढच्या निवडणुकीपलीकडलें दिसत नाहीं!

सन १९१२ मध्यें उघडलेलें खासबागेचें कुस्तीमैदान पाहा. तें बशीसारखें उतरतें केलेलें आहे. अगदीं मागच्या कडेला बसलेल्या, पायांत वहाण नसलेल्या माणसालाहि मधल्या लाल मातींतला डाव तितकाच स्पष्ट दिसतो. याला सार्वजनिक सोय म्हणतात. ज्याला मागची जागा मिळाली त्याच्या डोळ्यांनीं आधीं विचार करावा आणि मग कुदळ मारावी, हा धडा त्या मैदानाच्या मातींत आहे.

आणि त्याहून मोठी गोष्ट सप्टेंबर १९१९ मधली. त्या महिन्यांत शाहू महाराजांनीं हुकूम काढले कीं, सरकारी इमारती, धर्मशाळा, दवाखाने, शाळा, विहिरी व पाणवठे अशा सार्वजनिक ठिकाणीं अस्पृश्य मानलेल्या लोकांस कोणीं मज्जाव करूं नये. या हुकुमानें एक नवी वीट रचली गेली नाहीं, एक पैशाचा चुना लागला नाहीं. तरी कोल्हापुरांत यापेक्षां मोठी शहरसुधारणा झाली असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या विहिरीवर सर्वांना पाणी भरतां येत नाहीं ती कितीहि घडीव दगडाची असली तरी सार्वजनिक नव्हे. हाच नियम आजच्या बागेला, आजच्या रस्त्याला आणि आजच्या बाजाराला लावून पाहा.

दुसरा दाखला पुण्याचा आहे. महात्मा जोतीराव फुले हे सन १८७६ ते १८८२ पर्यंत पुणें नगरपालिकेचे सभासद होते. सन १८८० मध्यें व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून त्याच्या स्वागतास एक हजार रुपये खर्चावे असें ठरूं लागलें, तेव्हां हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा म्हणून विरोध करणारे सभासद एकटे जोतीराव निघाले. मोठ्या खर्चाची मंडई बांधण्याचा बेत झाला तेव्हांहि त्यांनीं हेंच सांगितलें, कीं आधीं शाळा, मग इमारत. मंडई झालीच. सन १८८६ मध्यें ती गव्हर्नर लॉर्ड रे याच्या नांवानें उघडली गेली, आणि पुढें त्याच मंडईला महात्मा फुल्यांचें नांव देण्यांत आलें! ज्यानें हिशेब विचारला त्याचें नांव दारावर कोरावयाचें आणि त्यानें विचारलेला हिशेब मात्र विसरावयाचा, ही आपल्याकडची रीत फार जुनी आहे. आम्ही आज तोच हिशेब पुन्हां विचारीत आहों.

पहिला हिशेब घाणीचा. जयंती नाला शहराच्या पोटांतून वाहत जाऊन पंचगंगेस मिळतो. शहराचें सांडपाणी शुद्ध करण्यासाठीं कसबा बावडा आणि दुधाळी येथें केंद्रें बांधलीं आहेत. जें झालें आहे तें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु पंप बंद पडला, वीज गेली किंवा पावसाची मोठी सर आली, कीं नाल्यावरचा बांध ओलांडून काळें पाणी सरळ नदींत उतरतें, हें नदीकांठच्या लहान पोरासहि ठाऊक आहे. तें पाणी पुढें कोठें जातें? शिरोली, रुकडी, रुई, इचलकरंजी, शिरढोण, कुरुंदवाड आणि शेवटीं नृसिंहवाडीच्या संगमापर्यंत. शहरानें सकाळीं तोंड धुवून टाकलेलें पाणी खालचें गांव संध्याकाळीं पितें. सन २०१२ मध्यें इचलकरंजींत काविळीची साथ आली, हजारों लोक आजारी पडले, माणसें दगावलीं. यंत्रमागावर दिवसरात्र उभा राहणारा कामगार, ज्यानें रंकाळ्याच्या कांठचा गार वारा कधीं खाल्ला नसेल, त्यानें शहराच्या घाणीची किंमत आपल्या यकृतानें भरली. तेरवाडच्या बंधाऱ्याला मेलेल्या माशांचा खच लागतो, तेव्हां शहरांत कोणत्या बागेचें उद्घाटन चाललें असतें, हें एकदां ताडून पाहावें.

येथें आमच्या माणसांनींहि तोंड लपवूं नये. नदी एकट्या शहरानें नासविली असें म्हणणें खोटें होईल. साखर कारखान्यांची मळी, कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांचें रंगीत पाणी आणि शेंकडों गांवांचीं उघडीं गटारें हीं सर्व त्याच पात्रांत पडतात. कारखान्याचे संचालक आपलेच पाहुणे, ग्रामपंचायतीचे पंच आपलेच भाऊबंद. शहराकडे बोट दाखवितांना उरलेलीं तीन बोटें आपणाकडे वळतात. फरक इतकाच कीं गांवाजवळ पैसा नाहीं म्हणून गटार उघडें आहे, आणि शहराजवळ पैसा आहे तरी तो आधीं कारंज्याला जातो.

रंकाळ्याचेंच पाहा. हा तलाव म्हणजे शहराचें भूषण. त्याच्या कांठीं बाग झाली, फिरावयास वाट झाली, दिवे झाले. पण कडेच्या वस्त्यांचें सांडपाणी तलावांत येतें, पाण्यावर हिरवा तवंग चढतो, जलपर्णी माजते, ती काढण्यासाठीं पुन्हां खर्च होतो आणि पुढच्या वर्षीं ती पुन्हां उगवते. कंत्राटदाराच्या दृष्टीनें यासारखें बारमाही पीक नाहीं! शेतकऱ्याच्या घरीं विहिरींत घाण पडूं लागली तर तो आधीं घाणीची वाट बुजवितो, मग विहीर उपसतो, आणि कठड्याला रंग देण्याचें झालेंच तर शेवटीं पाहतो. सुधारणेच्या नांवाखालीं शहरांत नेमका उलटा क्रम चालतो. आधीं कठड्याला रंग आणि घाणीची वाट तशीच मोकळी!

दुसरा हिशेब पाण्याचा. काळम्मावाडीच्या दूधगंगा धरणापासून शहरापर्यंत सुमारें ५३ किलोमीटर लांबीची थेट नळयोजना करण्यांत आली. वर्षानुवर्षें रखडून तिचें पाणी सन २०२३ च्या दिवाळींत पुईखडीच्या केंद्रांत पोहोंचलें. शहरांतील आयाबहिणींना स्वच्छ पाणी मिळावें याला कोण नाहीं म्हणेल? परंतु ज्यांच्या जमिनी धरणाखालीं गेल्या, ज्यांनीं आपल्या देवांसकट घरें हलविलीं, तेहि माणसेंच होतीं. धरणाजवळच्या वाड्यावस्त्यांवर उन्हाळ्यांत डोक्यावर हंडा घेऊन चढ चढणारी बाई आणि शहरांत दारची मोटार धुणारा गृहस्थ, दोघेहि एकाच धरणाकडे पाहतात. मग इचलकरंजीसाठीं दूधगंगेवर सुळकूड योजना निघतांच खोऱ्यांतले शेतकरी चवताळून उठले यांत नवल काय? एका बाजूला यंत्रमागवाल्याची तहान, दुसऱ्या बाजूला ऊंसवाल्याची भीति. आणि पंचगंगा ज्यांनीं नासविली ते तिसरीकडे बसून गंमत पाहतात. पंचगंगा शुद्ध राहिली असती तर इचलकरंजीला दुसऱ्याच्या नदीकडे पाहण्याची वेळच कशाला आली असती? दोन गरिबांत भांडण लागलें म्हणजे तिसऱ्या कोणाचा तरी दोष झांकला जात आहे असें खुशाल समजावें.

तिसरा हिशेब रस्त्यांचा. शहरांतले सुमारें ५० किलोमीटर रस्ते एका कंपनीकडून बांधवून घेतले आणि त्याबद्दल तीस वर्षें टोल द्यावा असा करार झाला. म्हणजे भाजीची टेम्पो घेऊन लक्ष्मीपुरींत येणाऱ्या शेतकऱ्यानें आपल्याच जिल्ह्याच्या पेठेंत पाऊल टाकण्यासाठीं नाक्यावर दाम मोजावा! कोल्हापूरकरांनीं तें मानलें नाहीं. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखे वयोवृद्ध नेते रस्त्यावर उतरले, त्यांच्यामागें तालमी उतरल्या, बायाबापड्या उतरल्या. पुढें सन २०१५ च्या अखेरीस टोल रद्द होत असल्याची घोषणा सरकारला करावी लागली. पानसरे तें पाहावयास राहिले नाहींत. त्याच वर्षीं फेब्रुवारींत त्यांच्यावर गोळ्या झाडण्यांत आल्या होत्या. या लढ्यापासून एक गोष्ट गांठीं बांधावी. करार झाला त्या दिवशीं कोणी बोललें नाहीं म्हणून पुढें कित्येक वर्षें ओरडावें लागलें. कागदावर सही होण्यापूर्वीं एक दिवस विचारलेला प्रश्न हा सही झाल्यावर काढलेल्या शंभर मोर्चांपेक्षां स्वस्त पडतो.

चौथा हिशेब बाजाराचा. गंगावेशींतल्या दूधकट्ट्यावर गवळी आपल्या म्हशी आणून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून देतात. हें कोल्हापूरचें वैभव म्हणून बाहेरच्या पाहुण्यास मोठ्या कौतुकानें दाखविलें जातें. चप्पललाइनींतली कोल्हापुरी वहाण तर जगभर गेली. सन २०१९ मध्यें तिला भौगोलिक मानांकन मिळालें, आणि सन २०२५ मध्यें इटलीच्या एका मोठ्या कंपनीनें तसलीच वहाण आपली म्हणून मिरविली तेव्हां सर्व महाराष्ट्राचा अभिमान जागा झाला. ठीक झालें. पण ज्या सुभाषनगरांत, ज्या जवाहरनगरांत ती वहाण शिवली जाते तेथल्या गल्ल्या, तेथलीं गटारें आणि तेथल्या कारागिराची बसण्याची जागा यांचा अभिमान कधीं जागा होणार? वहाणेला मान आणि वहाण शिवणाऱ्याच्या वस्तीला घाण, हा न्याय कोणत्या शास्त्रांतला?

आणि आमच्या बाया! पहांटे उठून भाकरी बांधून, मेथीच्या जुड्या व वांग्यांची पाटी घेऊन शहरांत येणारी माळीण किंवा कुणबीण दिवसभर रस्त्याच्या कडेला बसते. तिला लघवीला जावयाचें झालें तर कोठें जावें? या प्रश्नानें सभ्य वाचकांच्या भुंवया चढतील. चढोत बापड्या! ज्या गोष्टीचें नांव घ्यावयास पुरुषांना लाज वाटते ती गोष्ट बाईला रोज दहा तास सोसावी लागते. ती पाणी पीत नाहीं, म्हणजे मग जावें लागत नाहीं. आणि त्यापायीं दुखणीं अंगावर काढते. मीं एकदां मुलांची सहल घेऊन एका शहरांतल्या बागेंत गेलों होतों. चौथींतल्या एका मुलीनें हळूच बाईंच्या कानांत सांगितलें. बागेंत पुतळे होते, झोपाळे होते, सेल्फी काढावयाची कमान होती. शौचालयहि होतें, पण त्याला कुलूप होतें आणि किल्ली कोणाजवळ आहे हें कोणास ठाऊक नव्हतें. पोर परत येईपर्यंत कळवळत होती. ज्या बागेंत कमानीला दिवे आहेत आणि मुलीच्या अडचणीला किल्ली नाहीं, ती बाग कोणासाठीं केली म्हणावें?

फेरीवाल्यांना उठविण्याची मोहीम निघते तेव्हां कायद्याचें नांव फार मोठ्यानें घेतलें जातें. मग कायदाच वाचूं. सन २०१४ च्या पथविक्रेत्यांच्या कायद्यानें प्रत्येक शहरांत पथविक्रेता समिति असावी, तिच्यांत निदान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनीं निवडलेले असावे आणि त्यांत एकतृतीयांश बायका असाव्या असें ठरविलें आहे. पाटी उचलून गाडींत टाकणाऱ्यानें आधीं या समितीचा ठराव दाखवावा. कायदा म्हणजे काय फक्त गरिबाच्या पाटीपुरताच असतो?

पांचवा हिशेब पुराचा. सन २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर डोळ्यांदेखत आले. चिखली व आंबेवाडीच्या लोकांना होड्यांतून काढावें लागलें, शाहूपुरींतल्या व बापट कॅम्पांतल्या कुंभारांनीं घडविलेल्या गणेशमूर्ति सन २०१९ मध्यें ऐन हंगामांत पाण्यांत विरघळल्या. आणि मौज पाहा, ज्या शहराला चोहोंकडून पाण्यानें वेढलें त्या शहराचे उपसा पंपच बुडाल्यामुळें प्यावयाच्या पाण्यासाठीं टँकरपुढें रांगा लागल्या! नदीला पसरावयास जी जागा लागते ती तिची वतनी जमीन आहे. तिच्यावर भराव टाकून इमारती चढविल्या म्हणजे नदी कोर्टांत जात नाहीं, ती घरांत येते. इमारत बांधणारा विकून मोकळा होतो. बुडतो तो हप्ते भरून खोली घेतलेला कारकून आणि पलीकडच्या कांठचा कुळवाडी. पूररेषेच्या आंत शहरानें बाग करावी, मैदान करावें, पोरांना खेळूं द्यावें. पाणी आलें तर चार दिवस मैदान बुडेल, माणूस बुडणार नाहीं. खरी बाग हवी ती येथें!

आतां सहावा हिशेब, तो सर्वांत नाजूक. मे २०२५ मध्यें चौंडी येथें भरलेल्या मंत्रिमंडळाच्या बैठकींत अंबाबाई मंदिर परिसराच्या आराखड्यास सुमारें १,४४५ कोटी रुपये मंजूर झाले. अंबाबाई ही आमची आई. तिच्या दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूची सोय व्हावी, त्याला सावली, पाणी, शौचकूप मिळावें यासाठीं आमचा पाठिंबा आहे. परंतु आईच्या अंगणांत इतका पैसा येतो तेव्हां त्या अंगणांत पिढ्यान्‌पिढ्या बसणाऱ्या ओटी विकणारीला, बांगडीवाल्या कासाराला, फुलवाल्या गुरवाला, लहान दुकानदाराला, भाडेकरूला आधीं विचारावें. त्यांना उठवून जर मोठीं हॉटेलें व वाहनतळ यांनाच जागा होणार असेल, तर देवी तेथेंच राहील आणि तिचीं लेकरें देशोधडीला लागतील. आणि असेंहि विचारावें कीं, ज्या पंचगंगेच्या घाटावर देवीचे भक्त स्नान करतात ती नदी स्वच्छ करण्याला या पैशांत पहिला मान कां नसावा?

यावर शहरांतले कांहीं शहाणे म्हणतात, "तुम्ही खेडवळ लोक आमच्या रस्त्यांवरून चालतां, सीपीआर दवाखान्यांत येतां, पोरें कॉलेजांत घालतां, आणि कर मात्र आम्ही भरावा!" हें ऐकून आमचे लोक खालीं मान घालतात. मान वर करा आणि हें उत्तर द्या. शहरांत येणाऱ्या मालावर पूर्वीं जकात होती; ती कोण भरीत असे? मालाच्या किंमतींत चढून ती आमच्याच खिशांतून जाई. जकात गेली, स्थानिक संस्था कर आला. सन २०१५ मध्यें तोहि बहुतेक व्यापाऱ्यांवरून उठला, आणि सन २०१७ पासून जीएसटी आला. आतां महापालिकांना त्या बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई सरकार देतें. सरकार हा पैसा कोठून आणतें? खताच्या पोत्यावर, ट्रॅक्टरच्या टायरवर, लग्नाच्या कापडावर, पोराच्या दप्तरावर आपण जो कर भरतों त्यांतून. तेव्हां शहराच्या चौकांतल्या कारंज्याच्या प्रत्येक थेंबांत खेड्याचा पैसा आहे. आम्ही शहराचे भिकारी नव्हे, भागीदार आहों. आणि सीपीआर म्हणाल तर तो सरकारी दवाखाना आहे. तो सर्व जिल्ह्याचा आहे.

दुसरा आक्षेप हद्दवाढीचा. हद्दवाढीचें नांव निघालें कीं शहर एका बाजूनें आणि उचगांव, पाचगांव, मोरेवाडीसारखीं गांवें दुसऱ्या बाजूनें बंद पुकारतात. सन २०१७ मध्यें त्यावर तोडगा म्हणून ४२ गांवांचें नागरी विकास प्राधिकरण काढलें. गांवकऱ्यांची भीति खोटी नाहीं. घरपट्टी आज वाढेल आणि नळ दहा वर्षांनीं येईल. गायरानावर आरक्षण पडेल. गोठा बेकायदा ठरेल. पण बंधूंनो, नुसता "नको" हा शब्द पुरेसा नाहीं. शहर हद्दीच्या खांबापाशीं थांबलें आहे काय? गुंठागुंठा जमीन विकून, रस्ता व गटार यांस जागा न सोडतां, आपल्याच गांवांत आपणच बेढब शहर उभें केलें आहे. हद्द वाढो वा न वाढो, गांवांतल्या पोरांनाहि मैदान लागणारच आहे. तें राखण्याची अक्कल आपण आजच दाखविली पाहिजे. नाहींतर उद्यां शेवटचा तुकडा विकून झाल्यावर खेळावयास रस्ता आणि बसावयास स्मशानाचा कट्टा एवढेंच उरेल.

मग करावें काय? रडगाणें गाऊन भागत नाहीं. कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्यें संपल्यावर पांच वर्षें तेथें लोकांनीं निवडलेला एकहि सभासद नव्हता. सारा कारभार प्रशासकाच्या हातीं होता. जानेवारी २०२६ मध्यें निवडणूक झाली. आतां विचारावयास माणूस आहे, तेव्हां विचारा.

पहिलें, सांडपाण्याचा शेवटचा थेंब शुद्ध होईपर्यंत शोभेच्या कामास नवा पैसा देऊं नये अशी मागणी करा. दुसरें, प्रत्येक बाजारांत, बसथांब्यावर आणि बागेंत बायकांसाठीं पाण्याचें व कुलूप नसलेलें शौचालय पाहिजे; तें स्वच्छ ठेवणाऱ्या सफाई कामगाराला पुरा पगार व हातमोजे पाहिजेत, कारण त्याच्या हातावर आपली सभ्यता उभी आहे. तिसरें, पूररेषेच्या आंत मैदानें व झाडें, इमारत नाहीं. चौथें, जुनें राखा. सन १९१५ मध्यें उघडलेलें पॅलेस थिएटर, जें पुढें केशवराव भोसले नाट्यगृह झालें, तें ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं आगींत जळालें, तेव्हां सारें कोल्हापूर रडलें. लोकांच्या मालकीची वस्तु बांधण्यापेक्षां राखणें कठीण, हा त्या राखेंतला धडा आहे. पांचवें, आपल्या राज्यघटनेंत जिल्हा नियोजन समिति सांगितली आहे. पंचायती व नगरपालिका यांच्या समाईक गोष्टींचा, पाण्याच्या वांटणीचा व जमिनीच्या आखणीचा विचार एकत्र व्हावा असें तेथें स्पष्ट लिहिलें आहे. आपला जिल्हा परिषदेचा सभासद तेथें जाऊन काय बोलतो हें त्यास गांवसभेंत उभें करून विचारा. आणि सहावें, विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हां हरकत घेण्यास मुदत असते. तो नकाशा गांवच्या शाळेच्या भिंतीवर लावा. वाचतां येणारानें न येणाराला वाचून दाखवावा. माहितीच्या अधिकाराचा कायदा सन २००५ पासून आहे. अर्जाची फी दहा रुपये. एका चहापानाच्या खर्चांत कारंज्याचा हिशेब मिळतो!

आम्ही शिक्षक लोक मुलांना वजाबाकी शिकवितों ती काय फक्त पाटीवर करण्यासाठीं? ज्या दिवशीं कुणब्याचा मुलगा शहराच्या अंदाजपत्रकावर बोट ठेवून विचारील, "साहेब, एवढे आले, एवढे खर्चले, मग उरलेले कोठें?" त्या दिवशीं जोतीरावांनीं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणें भाग पडेल. फुल्यांचें नांव मंडईला आणि शाहूंचें नांव प्रत्येक चौकाला देऊन झालें. आतां नांवें पुरेत, हिशेब द्या.

शहर वाढो, फुलो, त्याच्या बागांत आमचीं व शहरवासीयांचीं लेंकरें एकत्र खेळोत. पण बाग शहराची आणि गटार गांवाचें, ही वांटणी आम्हांस मान्य नाहीं. बाग दोघांची, गटारहि दोघांचें, आणि तें साफ करण्याची लाज कोणालाच नाहीं, असें जेव्हां होईल तेव्हांच कोल्हापूर सुधारलें असें म्हणूं, तोंपर्यंत नाहीं.

— खेड्यांतील एक मास्तर